कोर्लईचा फोटो

बऱ्याच दिवसांनी इथे लिहायला बसले आहे. मध्ये उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मग महिनाभर डोळ्यात थेंब, काळा चष्मा आणि 'कॉम्प्युटरसमोर बसायचं नाही' हा घरातला हुकूम. आता डावा डोळा बाकी आहे, त्याचीही तारीख ठरली आहे. या दोन तारखांच्या मधल्या जुलैत मी एक उद्योग करून आले, तो सांगते. नातेवाईकांपैकी निम्म्यांना तो फोनवर कळलाय, पण अर्धवट. (आणि 'त्र्याहत्तराव्या वर्षी कशाला' हेही ऐकून झालंय, तेव्हा ते पुन्हा नको.)

तर झालं असं. माझी लेक स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनला असते. जूनमधल्या एका रविवारी तिने एक फोटो पाठवला. समुद्रात घुसलेला उंच कडा, कड्याच्या माथ्यावर पडक्या किल्ल्याच्या भिंती आणि सगळ्यावर धुक्याचा पातळ पडदा. खाली लिहिलं होतं, 'डनॉटर. आज इथे आलोय.' फोटो खरंच सुंदर होता. मी पडले इतिहासाची बाई, लगेच शोधून वाचलं. १६५१-५२ मध्ये क्रॉमवेलच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार आत ठेवलेली होती. किल्ला पडायच्या आधीच ती बाहेर काढून जवळच्या किनेफ गावातल्या चर्चमध्ये जमिनीखाली पुरली. फौज आत शिरली तेव्हा हाती काही लागलं नाही. शाळेत असते तर यावर अख्खा तास रंगवला असता!

मी उत्साहाने उत्तर पाठवलं, 'अगदी आमच्या कोर्लईसारखा!'

तिचं उत्तर आलं, 'तुमच्या कोर्लईचं मला काय माहीत? मला कुठे नेलं होतंस?'

आमचे हे म्हणाले, गमतीने म्हणाली असेल. मला माहीत होतं की गमतीने नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. १९७६ ते २०१० अशी चौतीस वर्षं मी डोंबिवलीत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवलं. इतिहास आणि मराठी. सहलींची जबाबदारी बहुतेक वेळा माझ्याकडे. रायगड झाला, जंजिरा झाला, आणि कोर्लई तर चार वेळा, कारण एका दिवसात जाऊन येता यायचं. त्या वेळी आमच्याकडे नियम होता की शिक्षकांनी आपली मुलं सहलीला आणायची नाहीत. नियमात चूक काही नव्हती. पण तो सगळे पाळत होते असंही नाही. १९८८ च्या डिसेंबरात कोर्लईला निघालो तेव्हा एसटीत एका सहकाऱ्यांचा मुलगा होता, दुसऱ्या एका बाईंची भाची होती. मी मात्र 'नियम म्हणजे नियम' म्हणत नऊ वर्षांच्या लेकीला सासूबाईंपाशी ठेवून पहाटे पाचला निघाले. ती उठून दारापर्यंत आली होती. स्वेटर घालून, वेणी घालून घेतलेली. तिने काही मागितलं नाही. आयत्या वेळी आई 'चल' म्हणेल एवढंच तिला वाटलं असावं.

त्या सहलीचे बारा फोटो आहेत. यांच्या आग्फा क्लिक थ्रीने काढलेले. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच निघायचे. त्यातल्या एकात मी किल्ल्याच्या एका दरवाज्याच्या पायरीवर बसले आहे आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून एक मुलगी झोपली आहे. तिला येताना गाडी लागली होती. फोटो धुऊन आले तेव्हा लेकीने तो बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, 'ही कोण?' 'आमच्या वर्गातली आहे,' म्हटलं आणि मी वह्या तपासायला बसले. नंतर त्या अल्बममधून तो फोटो कधी बाहेर आला नाही.

असो. तर मी ठरवलं की कोर्लईला जायचं आणि तसाच एक फोटो काढून तिला पाठवायचा. कडा, समुद्र, पडका किल्ला आणि धुकं. आमच्या ह्यांनी सुचवलं, दुर्गाडीचा काढ, कल्याणला रिक्षाने जाता येईल. पण दुर्गाडी तिने शंभरदा पाहिलाय, दर नवरात्रात जत्रेला तिथे नेत होतो. शिवाय तो खाडीकाठच्या टेकाडावर, तिथे कडा कुठला? कल्याणचा माझा भाचा गाडी घेऊन यायला तयार झाला. 'मावशी, पण जुलैत कशाला? डिसेंबरात स्वच्छ दिसेल.' मी म्हटलं, स्वच्छ नकोच आहे मला.

इथे एक कबूल करायला हवं. स्कॉटलंडमध्ये असतं तसं समुद्रावरून चालत येणारं धुकं आपल्याकडे नसतं. त्यांचा समुद्र गार. त्यावरून उबदार दमट वारा वाहिला की तळाशी धुकं धरतं आणि ते किनाऱ्यावर येतं. तिथले लोक त्याला 'हार' म्हणतात. आपला अरबी समुद्र उबदार, त्यामुळे तो प्रकार इथे घडत नाही. आपल्याकडे थंडीत पहाटे खाडीवर आणि शेतांवर धुकं धरतं, ते उन्हाबरोबर जातं. पावसाळ्यात जे दिसतं ते म्हणजे खाली आलेले ढग, पावसाची बारीक झड आणि लाटांचे तुषार, तिन्ही एकत्र. पण फोटोत कोण विचारतंय?

पहाटे साडेचारला डोंबिवलीहून निघालो. शिळफाटा, पनवेल, पेण, वडखळ. रस्त्याबद्दल काही लिहीत नाही, ज्यांनी पावसाळ्यात तो केलाय त्यांची कंबर त्यांना सांगेल. अलिबागला चहा. पुढे चौल, रेवदंडा आणि कुंडलिकेवरचा साळावचा पूल. पुलावरून उजवीकडे पाहिलं की एरवी कोर्लईचा डोंगर मगरीसारखा समुद्रात पसरलेला दिसतो. त्या दिवशी उजवीकडे काहीच नव्हतं. नुसता पांढरा कागद.

मी उजवा डोळा झाकून पाहिलं, मग डावा झाकून पाहिलं. हा माझा मे महिन्यापासूनचा चाळा आहे. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला सगळं स्वच्छ आणि किंचित निळसर दिसतं, न झालेल्याला तेच पिवळट आणि गढूळ. डाव्या डोळ्यात धुकं बारा महिने असतं. म्हणून खात्री करून घ्यायला लागते की बाहेर खरंच आहे की माझ्याच घरचं आहे. (क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं असंच झालं होतं. मोतीबिंदूमुळे त्याचे रंग तांबूस-पिवळे होत गेले. १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर सगळं निळं दिसतं म्हणून तो वैतागला. हे वाचल्यापासून मला फार बरं वाटतं.) पुलावर मात्र दोन्ही डोळ्यांचं एकमत झालं. भाच्यालाही विचारलं. 'मावशी, मला पण काही दिसत नाहीये.' वा!

कोर्लई गावातून गाडी थेट दीपगृहापर्यंत जाते. गावाबद्दल थोडं सांगायला हवं. इथल्या ख्रिस्ती वस्तीत घरी जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली आहे, 'नोलिंग' म्हणतात तिला, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज आले, १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने समोर चौल-रेवदंड्याला त्यांनी ठाणं केलं. १५९४ मध्ये निजामशहाने त्यांना शह म्हणून या डोंगरावर किल्ला बांधायला घेतला आणि त्याच वर्षी पोर्तुगिजांनी तो जिंकून घेतला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्या वर्षीच्या तहात रेवदंड्याबरोबर कोर्लईही मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले. त्यांची भाषा मात्र या एका गावातल्या चुलीपाशी राहून गेली, पावणेतीनशे वर्षांहून जास्त. गाडी थांबवून वाट विचारली तर त्या बाईंनी आम्हाला चोख मराठीत सांगितलं आणि लगेच आत वळून पोराला त्या भाषेत काही सुनावलं. एक शब्द कळला नाही, पण सूर ओळखीचा होता. 'दप्तर उचल' असंच काहीतरी असणार.

दीपगृहापाशी उतरले आणि पहिली फजिती. गाडीत एसी लावलेला, बाहेर दमट हवा. कॅमेरा पिशवीतून काढला तर भिंगावर सगळी वाफ. पुसली की पुन्हा. अशा वेळी पुसायचं नसतं, कॅमेरा हवेशी जुळेपर्यंत गप्प बसायचं असतं. हे मला निवृत्तीनंतर ठाण्याच्या शनिवारच्या वर्गात शिकवलं होतं आणि मी विसरले होते. वीस मिनिटं दीपगृहाच्या भिंतीला टेकून बसलो. तिथल्या एका गृहस्थांनी माझी काठी पाहिली, कॅमेरा पाहिला आणि म्हणाले, 'आजी, पायऱ्यांवर शेवाळ आहे. बेतानं.' कॅमेऱ्याला मी दुधाच्या पिशवीचा रेनकोट केला होता, भिंगापुरतं भोक पाडून रबरबँड लावलेला. तो पाहून हसले. पण खारा तुषार भिंगाच्या सांध्यात गेला की कॅमेरा कायमचा बसतो, त्यामुळे हसू देत.

दीपगृहामागून पायऱ्या चढतात. तरुण माणूस पंधरा-वीस मिनिटांत वर जातो. मी किती वेळ घेतला ते लिहीत नाही.

कोर्लई म्हणजे डोंगराची धारच आहे. लांबच लांब आणि इतकी अरुंद की एका बाजूच्या तटाजवळ उभं राहिलं तर दुसऱ्या बाजूचा तट समोर. पश्चिमेला उघडा समुद्र, पूर्वेला कुंडलिकेची खाडी आणि पलीकडे रेवदंडा. आडव्या भिंती घालून या धारेचे तुकडे केलेत आणि एकातून दुसऱ्यात जायला दरवाजे, एका रांगेत. छप्पर उडालेलं चर्च, पाण्याचं टाकं, गवतात लोळणाऱ्या तोफा आणि महादेवाचं छोटं देऊळ. हे सगळं मला तोंडपाठ. त्या दिवशी मात्र समोरची भिंत काळी, तिच्यामागची राखाडी, तिच्यामागची असून नसल्यासारखी आणि मग काहीच नाही. खाली लाटा फुटत होत्या, त्याचा नुसता आवाज. समुद्र आहे हे कानाने समजून घ्यायचं.

धुक्यात फोटो काढणं सोपं वाटतं, पण कॅमेरा तिथे हट्टी मुलासारखा वागतो. एवढं पांढरं काही असू शकतं हे त्याला पटतच नाही. तो त्याचं राखाडी करून टाकतो. म्हणून उजेड हाताने एक घर वाढवून द्यावा लागतो. दुसरं म्हणजे फोकस. त्याला पकडायला कडा लागते, धुक्यात कडा नसते, मग ते भिंग नुसतं पुढेमागे घरघरत राहतं. त्याला जवळची एखादी काळी गोष्ट दाखवायची, दगड, झुडूप, काहीही, आणि मग तिथून पलीकडे बघायचं. भाच्याने मोबाईलवर काढलेले फोटो माझ्यापेक्षा झटपट आले, पण मोबाईलने धुकं चक्क कमी करून टाकलं! भिंती स्पष्ट, गवत हिरवंगार. तो खूश. मी म्हटलं, अरे, ज्याच्यासाठी एवढे आलो तेच पुसलंस की.

मग तो उत्तरेच्या टोकाकडे जाऊन येतो म्हणाला. मी चर्चच्या भिंतीपाशी थांबले. त्याची निळी छत्री दोन दरवाज्यांपर्यंत दिसली, मग नाही दिसली. झड वाढली. आणि एकदम माझ्या पोटात गोळा आला. मी मोठ्याने त्याला हाक मारली. हाकेला उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारली. तो सत्तेचाळीस वर्षांचा माणूस आहे, त्याच्या मुलीची बारावी झाली. पण माझे पाय थरथरायला लागले.

हे काय होतं ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी कोर्लईला चार वेळा आले आणि चारही वेळा फक्त मोजत होते. १९८८ ला चोपन्न मुलं. दोन्ही बाजूंना उतार, तट जागोजागी पडलेला, आणि पाचवीतली पोरं. दरवाज्यातून आत शिरली की मोजायची, बाहेर पडली की मोजायची, डबे खाताना मोजायची. त्रेपन्न भरली की जीव जायचा. मग कोणीतरी टाक्यात वाकून बघत असलेला सापडायचा. चर्च, तोफा, समोरचा रेवदंडा हे मी तोंडाने सांगत होते, डोळे मुलांच्या डोक्यांवर. किल्ला मी पुस्तकातून शिकवला, तिथे उभी राहूनसुद्धा. आणि घरी नऊ वर्षांच्या मुलीला वाटत होतं की आई दुसऱ्यांच्या मुलांबरोबर मजा करायला गेली आहे. तिला हे कधी सांगितलं का? नाही. घरी आल्यावर पाय सुजलेले असायचे आणि सहल छान झाली एवढंच मी म्हणायचे.

भाचा आला पंधरा मिनिटांनी, छत्री उलटी झालेली. 'काय झालं मावशी?' म्हटलं, काही नाही, भिजशील म्हणून हाक मारली.

उतरताना ती पायरी सापडली. दरवाजा तोच, हे दगडी कमानीच्या निखळलेल्या कोपऱ्यावरून ओळखलं. फोटोत माझ्या डोक्यावर तोच कोपरा आहे. पायरीवर आता शेवाळ आणि पावसाचं पाणी वाहत होतं. दरवाज्यातून पलीकडे पांढरं. मी आधी उभी राहून एक फोटो काढला, मग भाच्याला छत्री धरायला लावून खाली वाकून एक. गुडघ्याने नंतर दोन आठवडे त्याची आठवण ठेवली.

घरी येऊन पाहिलं तर एकूण ६१ फोटो. चाळीस निव्वळ फुकट, राखाडी पाट्या. बारा-पंधरा बरे. त्यातला एक मला फार आवडला. खाली कड्याचा काळा दगड आणि एक झुडूप, वर तटाची एक रेघ, अर्धी असलेली आणि अर्धी पुसलेली. बाकी सगळं धुकं. आमच्या ह्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, 'तुझ्या डाव्या डोळ्याने काढलास का?'

लेकीला तो पाठवला. लिहिलं, 'कोर्लई.'

अर्ध्या तासाने उत्तर आलं, 'यात किल्ला कुठे आहे?' आणि पुढे हसणारा चेहरा. मग मी काही विचार न करता पायरीचा फोटोही पाठवला. त्याखाली काही लिहिलं नाही. काय लिहायचं होतं? त्याला उत्तर आलं नाही. रात्री झोपताना पाहिलं, तिने तो बघितला होता एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे तिच्या सकाळी, तिचा फोन आला. नातवाच्या शाळेचं बोलली, माझ्या थेंबांची चौकशी केली, बाबा फिरायला जातात का विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, 'आई, ती मुलगी होती ना तुझ्या मांडीवर. तिला नंतर बरं वाटलं का गं?'

मला त्या मुलीचं नाव आठवेना. चौतीस वर्षांत किती मुली. 'वाटलं की,' म्हटलं. 'आवळासुपारी दिली होती. परत येताना पुढच्या सीटवर बसवलं, खिडकीपाशी.'

'मला पण गाडी लागायची.'

'माहीत आहे,' म्हटलं. 'तुझ्यासाठी म्हणून पर्समध्ये ठेवायचे मी ती सुपारी. ती तुझीच होती.'

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं लाइन गेली. मग ती म्हणाली की मे महिन्यात मुलाला सुट्टी घालून तीन आठवडे यायचं म्हणते आहे, आणि मला तिथे चढवेल का पुन्हा? डाव्या डोळ्याचं होऊन जाईल तोवर, असं मी म्हटलं. मे महिन्यात कोर्लईला धुकं नसतं आणि ऊन मी म्हणत असतं, हे सांगितलं नाही.